आवक-जावक

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्यंतरी "आजी, ब्लॉग बंद केलास का?" अशी विचारणा दोन-तीन भाचरांकडून झाली. बंद नाही केला बाबांनो. पण घरात एक प्रकरण चालू होतं, आणि ते मिटल्याशिवाय त्यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता मिटलंय. (बहुतेक!)

विषय जरा रुक्ष वाटेल, पण वाचा. विषय आहे मोजण्याचा. इंटरनेटवरून काय किती आलं आणि काय किती गेलं, ते मोजून साठवायचं कसं, आणि साठवलेलं डोळ्यांना दिसेल असं काढायचं कसं. भूगोल आणि मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईनं यावर लिहावं म्हणजे जरा अतीच. पण समजावून घेतल्यावर वाटलं, अरे, हे तर आपण जन्मभर करत आलो.

शाळेच्या कार्यालयात एक आवक-जावक रजिस्टर असतं. पत्र आलं की नोंद: तारीख, कोणाकडून, कोणाला, विषय. गेलं की तशीच नोंद. पत्रात आत काय लिहिलंय ते रजिस्टरात नसतं. राजगडाच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसाला तर ही पद्धत नवी वाटायलाच नको. वर गडावर राजधानी होती तेव्हा मुजुमदार जमाखर्च बघायचे, सुरनीस पत्रव्यवहार बघायचे, आणि प्रत्येक किल्ल्यावर हजेरी-हिशोबाला सबनीस असायचा. आमचा हा मुलूख पुढे ज्या भोर संस्थानात गेला त्याचे राजे 'पंतसचिव', आणि सचिव म्हणजेच सुरनीस! तेव्हा आवक-जावक आमच्या मातीतच आहे म्हणायची.

तर मुद्द्यावर येते.

गुंजवण्यात आमची तीन बिऱ्हाडं एका आवारात. एक माझं. दुसरं पुतण्याचं, तो ट्रेकला येणाऱ्या मंडळींच्या जेवणाखाण्याची, मुक्कामाची सोय करतो. चोर दरवाज्याच्या वाटेनं पद्मावती माचीवर जाणारी पोरं शनिवार-रविवारी इतकी येतात की अंगणात गाड्या मावत नाहीत. आणि तिसरं बिऱ्हाड म्हणजे जुनी पडवी, तिथे गावातल्या मुलांसाठी अभ्यासिका केली आहे. पाच-सहा मुलं-मुली नेमाने बसतात. तलाठी, पोलीस भरती, कोणी बारावी. तिन्ही ठिकाणी मिळून एकच इंटरनेट जोडणी, महिन्याला ५०० जीबीची मर्यादा. ती संपली की वेग असा पडतो की बैलगाडी बरी.

आणि ती दर महिन्याला विसाव्या-एकविसाव्या दिवशी संपायला लागली.

मग सुरू झालं. पुतण्या म्हणे, अभ्यासिकेतली मुलं व्हिडिओ बघतात. धाकटी जाऊ म्हणे, ती ट्रेकवाली पोरं. मुलं बिचारी काहीच बोलेनात. हळूहळू सगळी बोटं एकीकडे वळली. अभ्यासिकेत एक मुलगी आहे, तलाठी भरतीची तयारी करते, रात्री बारा-साडेबारापर्यंत बसते. घरी चार माणसं आणि एक खोली, दुसरं करणार काय? "रात्रीची इतका वेळ काय बघत असते कोण जाणे!" हे वाक्य आधी ओट्यावर, मग पिठाच्या गिरणीत, मग तिच्या वडिलांच्या कानावर. शहरातल्या वाचकांना यात काय मोठंसं वाटेल. पण गावात अशा एका वाक्यावर मुलींची शिक्षणं थांबलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पुतण्या म्हणाला, "काकू, पडवीचं नेट रात्री नऊला बंद करू." तिच्या वडिलांनी तर तिला यायचंच बंद करायचा विचार चालवला होता.

त्याच शनिवारी पुण्याहून नातू आला. तो एका कंपनीत हेच जाळं सांभाळण्याचं काम करतो. सगळं ऐकून म्हणाला, "आजी, भांडू नका. मोजा."

आमच्या जिन्याखाली माझा जुना कॉम्प्युटर पडून होता, २००८ साली घेतलेला. ज्यावर मी हा ब्लॉग सुरू केला तोच. त्यावर त्यानं डेबियन लिनक्स टाकलं, आणि पुढचं सगळं सामानही मुक्तस्रोत, म्हणजे एक रुपया खर्च नाही. कोणीतरी कुठेतरी बसून लिहिलेलं, आणि "घ्या, वापरा, सुधारा" म्हणून वाटलेलं. या मंडळींची हकिगत मला फार आवडली. टोबी ओएटिकर नावाचा एक स्विस तरुण १९९४ साली अशा ठिकाणी काम करत होता जिथे बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच ६४ किलोबिटची तार होती. ती कितपत भरली आहे हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचं असे. त्यानं आपोआप आलेख काढणारा छोटासा प्रोग्राम लिहिला आणि १९९५ साली 'एमआरटीजी' नावानं सर्वांसाठी खुला केला. जगभरच्या जाळ्यांवर तो पसरला. म्हणजे त्याचाही प्रश्न आमच्यासारखाच: तार एक, वापरणारे अनेक! १९९८ साली इटलीतल्या लुका देरी यांनी 'एनटॉप' केला, आणि २००३ पासून पाओलो लुचेंते हे दुसरे इटालियन गृहस्थ 'पीएमअ‍ॅक्ट' नावाचा प्रोग्राम लिहीत आले आहेत. आमच्या जिन्याखाली बसला तो हाच.

आता हे चालतं कसं, ते मला समजलं तसं सांगते.

इंटरनेटवरून जे जातं ते लहान लहान पुडक्यांत जातं. प्रत्येक पुडक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, दोन्हीकडचे दारांचे क्रमांक आणि वाहतुकीची रीत लिहिलेली असते. या पाच गोष्टी सारख्या असलेली पुडकी म्हणजे एक 'प्रवाह'. राउटर अशा प्रत्येक प्रवाहाची एक ओळ तयार करतो: इथून तिथे, इतक्या वाजता, इतके बाइट. या नोंदींची पद्धत १९९६ च्या सुमारास सिस्को कंपनीनं 'नेटफ्लो' नावानं आणली, पुढे तिचं सर्वमान्य प्रमाण झालं. झालं की नाही आवक-जावक रजिस्टर? पुडक्यात काय आहे ते नाही, फक्त कोणाकडून, कोणाला, किती.

राउटर या ओळी जिन्याखाली पाठवतो. पीएमअ‍ॅक्ट त्या गोळा करतो, त्यांची बेरीज करतो आणि दर पाच मिनिटांनी डेटाबेसमध्ये, आमच्याकडे पोस्टग्रेसमध्ये, लिहितो. आणि 'ग्राफाना' नावाचा २०१४ पासूनचा एक प्रोग्राम त्या आकड्यांचा रंगीत आलेख काढतो.

एक गोष्ट त्यानं बजावली. बाहेरच्या जगाला आमची तिन्ही बिऱ्हाडं मिळून एकच पत्ता दिसतो. एका वाड्याला एकच पत्रपेटी असावी तसं. त्यामुळे मोजायचं ते पेटीच्या आतल्या बाजूला, नाहीतर कोणाचं काय ते कळायचंच नाही. त्यानं तिन्ही बिऱ्हाडांना आतले वेगवेगळे पत्ते दिले. एकेक फोन मोजण्यात अर्थ नव्हता, कारण हल्लीचे फोन वायफायवर आपली खरी ओळख लपवून बनावट क्रमांक सांगतात. म्हटलं, चांगलं आहे. माणूस मोजू नको, बिऱ्हाड मोज.

आता मास्तरकी थोडी. (सवय जात नाही!)

तीन बिऱ्हाडं, आवक आणि जावक अशा दोन बाजू, म्हणजे ६ आकडे. दिवसात पाच मिनिटांचे २८८ भाग. ६ गुणिले २८८ म्हणजे दिवसाला १,७२८ ओळी, वर्षाला ६,३०,७२०. जुन्या कॉम्प्युटरला हे काहीच नाही. पण बेरीज न करता प्रत्येक प्रवाह जसाच्या तसा ठेवला असता तर एक साधं पान उघडलं तरी डझनावारी नोंदी. डबडं हळूहळू भरत गेलं असतं. मोठ्या कंपन्या तर सगळं मोजतच नाहीत, हजारातलं एखादं पुडकं बघतात आणि हिशोब लावतात. शितावरून भाताची परीक्षा! आमच्याकडे भातच दोन मुठी, म्हणून एकूण एक शीत मोजलं.

दुसरी गंमत जुन्याचं काय करायचं याची. ओएटिकर यांनीच १९९९ मध्ये 'आरआरडीटूल' केला. त्याची फाइल कधी वाढतच नाही. ताज्या नोंदी पाच-पाच मिनिटांच्या ठेवतो, जरा जुन्या झाल्या की अर्ध्या तासाची सरासरी, मग दिवसाची, आणि फारच जुनं ते पुसून त्यावर नवं. माणसाचं मन असंच असतं म्हणतात. माझ्या वयात मात्र उलट होतं हो. सकाळी गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी फळ्यावर काय लिहिलं ते अक्षरन् अक्षर आठवतं. सरासरीत एक तोटाही आहे, तो मी भूगोलात नेहमी शिकवायचे. वर्षाची सरासरी सांगितली की त्यात एका रात्रीत कोसळलेला पाऊस दिसत नाही. म्हणून सरासरीबरोबर सर्वांत मोठा आकडाही ठेवायची सोय त्यात आहे.

तिसरी गोष्ट मला फारच पटली. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते, आणि गेली की तासन् तास. तेवढ्या वेळच्या नोंदी नाहीत. मग आलेखात तिथे शून्य दाखवायचं का? नाही! तिथे रेषाच नाही, मोकळी फट. गैरहजर मुलगा आणि शून्य गुण मिळालेला मुलगा एक नव्हेत, हे निकालपत्रकात 'गैर' लिहिताना आम्हालाही सांगितलेलं असायचं. या प्रोग्रामवाल्यांनाही ते कळतं हे बघून बरं वाटलं.

तर मंडळी, दोन आठवडे मोजलं. आणि मग रविवारी संध्याकाळी सगळ्यांना बसवून आलेख दाखवला.

पडवीचा रंग हिरवा. सकाळी दहाच्या सुमाराला उठतो, दुपारी जेवणाला बसतो, संध्याकाळी वर चढतो, रात्री साडेबाराला झोपतो. सगळा मिळून दिवसाला साधारण २ जीबी. व्याख्यानाचा व्हिडिओ साध्या दर्जाचा असेल तर तासाला अर्धा जीबीच्या आसपास लागतो, म्हणजे सगळी मुलं मिळून चार तास. माझा आणि पाहुण्यांचा मिळून सरासरी दीड जीबी. (त्यात माझी मालिकाही आली, लपवत नाही.)

आणि पुतण्याच्या बिऱ्हाडाचा निळा रंग? त्यात पाहुण्यांचे चढउतार होते, पण त्यांच्या खाली एक पट्टा, सपाट. माचीवरच्या सपाटीसारखा. दिवसा तेवढाच, पहाटे तीनला तेवढाच, पाहुणा नसलेल्या मंगळवारीही तेवढाच. आणि ती आवक नव्हतीच, जावक होती! नातू म्हणाला, "आजी, माणूस घेतो जास्त आणि पाठवतो कमी. आणि माणूस झोपतो. हा माणूस नाही."

मग एकेक यंत्र दहा मिनिटं बंद करून पाहिलं. टीव्ही बंद केला, पट्टा तसाच. जुना फोन काढला, तसाच. अंगणातल्या गाड्यांवर लक्ष ठेवायला पुतण्यानं बसवलेले दोन कॅमेरे काढले, आणि पट्टा खाली बसला.

हिशोब फळ्यावर मांडते. एक कॅमेरा सेकंदाला साधारण १ मेगाबिट पाठवत होता. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे ८६,४०० मेगाबिट. आठनं भागलं की १०,८०० मेगाबाइट, म्हणजे १०.८ जीबी. दोन कॅमेऱ्यांचे २१.६. त्यात आमचे सगळ्यांचे साडेतीन मिळवले की रोजचे २५ जीबी. ५०० भागिले २५, उत्तर २०. बरोबर विसावा दिवस! गणित असं जुळलं की इतक्या वर्षांनी वर्गात असल्यासारखं वाटलं. रिकामं अंगण दिवसरात्र कुठल्यातरी दूरच्या कपाटात साठवलं जात होतं आणि बोल लागत होता व्याख्यान बघणाऱ्या मुलीला. कॅमेऱ्यात आता कार्ड घातलंय, सगळं त्यातच साठतं, हालचाल झाली तरच चित्र बाहेर जातं. जावक दिवसाला एका जीबीच्या खाली आली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण संपली नाही, आणि लिहायला बसले ते खरं तर यापुढच्यासाठी.

आलेख बघून झाल्यावर बैठकीतलं एक माणूस म्हणालं, "पण एवढं सगळं कळतं, तर ती रात्री काय बघते तेही कळेल की! एकदा बघून टाका, म्हणजे सगळ्यांच्या मनातलं जाईल." बोलण्यात वाईट हेतू नव्हता, तिच्या भल्यासाठीच असं त्या माणसाला वाटत होतं. दोघांनी मानाही डोलावल्या. ती मुलगी दारातच उभी होती.

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी नातवानं विचारलं होतं, "आजी, कोणत्या गोष्टी लिहून ठेवायच्या ते आपण ठरवायचं. पलीकडचा पत्ता ठेवू का? म्हणजे कोण कुठल्या साइटवर गेलं ते कळेल." मी म्हटलं, नको. बिऱ्हाड, दिशा, वेळ आणि बाइट. बस. तसंच त्यानं लिहून दिलं. पीएमअ‍ॅक्टमध्ये ते एका ओळीचं काम आहे. जी गोष्ट त्या ओळीत लिहिली नाही ती बेरजेत विरघळून जाते, नंतर कोणालाही वेगळी काढता येत नाही. नातवाला नाही, मला नाही, आणि कोणी दमदाटी केली तरी नाही.

का, तर आवक-जावक रजिस्टर दिसतं तितकं निरुपद्रवी नसतं. पत्र न उघडताही त्यातून पुष्कळ कळतं. एखाद्या शिक्षकाच्या नावानं कोर्टाचं पत्र आलं, एखाद्या बाईंना मोठ्या दवाखान्याचं आलं, की दुपारच्या सुट्टीपर्यंत साऱ्या शाळेत कुजबूज. एवढ्याशा नोंदीवरून माणसाबद्दल मत बनतं, आणि त्या मताला उत्तर द्यायची संधी त्या माणसाला मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं. तो खटला लढले पुट्टस्वामी नावाचे एक निवृत्त न्यायाधीश, तेव्हा त्यांची नव्वदी उलटलेली होती. (म्हणजे मला अजून बराच वाव आहे!) २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण पडवीतल्या भांडणात कायदा कोण आणून देणार? तिथे आपणच आधी ठरवलेलं असावं लागतं.

मी एवढंच म्हटलं, "ते लिहिलेलंच नाही. भांडण किती वापरलं याचं होतं, ते मोजून झालं." ते माणूस जरा नाराज झालं. त्यांचं म्हणणं असं की एकदा बघितलं असतं तर मुलीवरचा किटाळ कायमचा गेला असता. मला विचाराल तर आज एकदा बघितलं असतं, तर उद्या पुन्हा बघावं लागलं असतं. निर्दोष ठरायला तिनं दर महिन्याला आपली वही का दाखवायची?

मोजण्याच्या विरुद्ध मी नाही हं. मोजल्याशिवाय ती पोर वाचली नसती. पैशाचा व्यवहार असला की मोजावंच लागतं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं तेव्हा पैसे तासांवर होते. २००३ साली 'निक्सी' स्थापन झाली, मुंबईसारख्या ठिकाणी देशातल्या कंपन्यांच्या तारा एकमेकींना जोडून द्यायला, म्हणजे मुंबईचा मजकूर पुण्याला यायला परदेशाची वारी नको. तिथेही सुरुवातीच्या काळात नियम होता, की जो देतो त्यापेक्षा जास्त मागवतो त्यानं फरकाचे पैसे द्यायचे. म्हणजे आवक वजा जावक! एवढ्या मोठ्या कंपन्यांचं भागलं ते बेरजेवर. आमच्या तीन बिऱ्हाडांचं का भागू नये?

नातवानं जाताना एक काम सोपवलं. पाच मिनिटांच्या नोंदी तीन महिने, दिवसाच्या बेरजा एक वर्ष, मग पुसून टाकायचं. पुसण्याचंही आपोआप होतं, पण मी पहिल्या तारखेला जाऊन बघून येते. तेवढाच जिन्याखालचा कचराही निघतो.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली. "बाई, त्यात माझं नाव आहे का?" नाही म्हटलं. ये, बघ. तिनं बराच वेळ हिरवी रेषा पाहिली आणि म्हणाली, "साडेबारा नाही बाई, हल्ली एक वाजतो." तिचे वडील आता रात्री न्यायला येतात. परीक्षा व्हायची आहे. निकाल काय लागेल तो लागो, पडवीचं नेट चालू आहे.

जाता जाता एक. तुमच्याकडे असे कॅमेरे असतील तर एकदा त्यांची जावक बघा. देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, तरी हा एवढा मोठा लेख आमच्या एका कॅमेऱ्याच्या अर्ध्या सेकंदाइतकासुद्धा भरत नाही. मला लिहायला चार दिवस लागले!